वेटलिस्टवर कितवे आहोत तेवढं तरी सांगा

शाळा सुरू होऊन महिना उलटला की आमच्या रोबोटिक्सवाल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसरा विषयच नसतो. कुठल्या इव्हेंटला जागा मिळाली, कुठं वेटलिस्टवर टाकलं, आणि वेटलिस्टवर असलो तर कितवे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात. तिसऱ्याचं बऱ्याचदा कुणाकडंच नसतं, मग अफवा सुरू होतात. अमक्या टीमचे मेंटर आयोजकांच्या ओळखीचे आहेत म्हणे, तमक्यांनी आपल्यानंतर नाव घातलं आणि त्यांना आधी मेल आला म्हणे. खरं किती खोटं किती देव जाणे, पण आकडा कुणी सांगतच नाही म्हटल्यावर लोक "म्हणे"वरच चालणार ना.

मी मूळची कराडची, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात. मुलगा नववीत रोबोटिक्स टीममध्ये गेला आणि त्याच्याबरोबर मीही ओढली गेले, तो आता कॉलेजात पोचला तरी मी अजून तिथंच आहे. मला वेल्डिंग येत नाही, प्रोग्रॅमिंग म्हणाल तर मी टेस्टिंगवाली, त्यामुळे माझ्या वाट्याला आली कागदपत्रं. रजिस्ट्रेशन, बस, परमिशन स्लिपा आणि शाळेच्या ऑफिसातून पैसे सोडवून घेणं. शेवटचं काम रोबोट बनवण्यापेक्षा अवघड आहे हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फर्स्ट नावाची संस्था आहे, डीन केमन यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली. त्यांची हायस्कूलच्या मुलांची मोठी स्पर्धा म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, आम्ही सगळे एफआरसी म्हणतो. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या एका हायस्कूलच्या जिममध्ये २८ टीम्स घेऊन ती सुरू झाली, आता टीम्स साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. जानेवारीत नवा गेम जाहीर होतो, मुलं पन्नास-पंचावन्न किलोचा रोबोट बनवतात आणि मार्च-एप्रिलमध्ये इव्हेंटला घेऊन जातात. एका इव्हेंटची फी हजारो डॉलर, त्यावर हॉटेल, बस, जेवणखाण. म्हणजे जागा मिळणार की नाही हे आधी कळणं ही काही चैन नाही, सगळं बजेट त्यावर उभं असतं.

आणि जागा खरंच कमी असतात, हे आधीच मान्य करते, कारण ग्रुपवर काही जणांना वाटतं की आयोजक मुद्दाम अडवून धरतात. तसं नसतं. प्रत्येक टीमला रोबोट दुरुस्त करायला पिट लागतो, साधारण दहा बाय दहा फुटांचा. हॉलमध्ये तेवढे मावतील तेवढेच मावतात, फायर मार्शल येऊन मोजून जातो. शिवाय एका मॅचला सहा रोबोट, तीन विरुद्ध तीन, मॅच साधारण अडीच मिनिटांची पण मैदान परत लावायला वेळ जातो, त्यामुळे दोन दिवसांत किती मॅचेस बसणार ते ठरलेलं. टीम्स वाढवल्या की प्रत्येकीच्या वाट्याला मॅचेस कमी. एवढा खर्च करून यायचं आणि मोजक्या सहा-सात मॅचेस खेळून घरी जायचं हेही कुणाला नको असतं. म्हणजे वेटलिस्ट असणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती चालवायची कशी, भांडण तिथं आहे.

बहुतेकांना पहिलं सुचतं ते म्हणजे जो आधी येईल त्याला आधी. ऐकायला किती सरळ. आता असं बघा, रजिस्ट्रेशन पूर्वेकडच्या वेळेनं दुपारी बाराला उघडलं तर आमच्याकडं सकाळचे नऊ. आमचे सर त्या वेळी दहावीच्या वर्गाला केमिस्ट्री शिकवत असतात. ते काय पिपेट खाली ठेवून लॅपटॉपवर बसणार? त्याच वेळी दुसऱ्या टीमचे चार इंजिनियर बाबा घरून काम करत असतात, चौघांकडं चार ब्राउझर उघडे, नऊ वाजून पाच सेकंदांनी त्यांचं नाव आत. (मी पण एका वर्षी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून हेच केलंय, त्यामुळे मी काही वेगळी नाही.) मुंबईच्या एफआरसी टीम्सना तर रिजनल, म्हणजे विभागीय इव्हेंट, खेळायला परदेशीच जावं लागलंय, त्यांच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे साडेनऊ. ते एक वेळ बरं, निदान घरी असतात. पण त्यांचा खरा घोळ पुढं आहे. २०२२-२३ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी वर्षाच्या वर थांबावं लागत होतं. अशा टीमला इव्हेंटच्या दोन आठवडे आधी "अभिनंदन, तुमचा नंबर लागला" असा मेल पाठवण्यात काय अर्थ आहे?

यादीचा क्रम बरोबर असणं आणि यादी न्याय्य असणं यात केवढं अंतर असू शकतं ते मी एकदा अगदी जवळून बघितलं. इव्हेंटचं नाव घेत नाही, चालवणारी माणसं सगळी फुकट राबणारी होती आणि मनानं चांगलीच होती. सेंट्रल व्हॅलीतल्या एका सरकारी शाळेची टीम आमच्या ओळखीची, त्यांचे एक मेंटर मूळचे लातूरचे. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना दादा म्हणते, वयानं ते माझ्यापेक्षा लहानच असतील पण पडलं ते पडलं. ही टीम वेटलिस्टवर होती. कितवी ते माहीत नाही. दादांनी दोनदा मेल करून विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर, जागा झाली की कळवू. मुलं रोज विचारतायत, सर जाणार का, सर जाणार का. आणि एका शुक्रवारी संध्याकाळी मेल आला की जागा झालीय, रविवारी रात्रीपर्यंत फी भरून कन्फर्म करा.

आता सरकारी शाळेत फी भरणं म्हणजे काय ते सांगते. आधी मागणीचा फॉर्म, त्यावर प्रिन्सिपलची सही, मग तो शाळांचा कारभार बघणाऱ्या डिस्ट्रिक्ट ऑफिसला, तिथं परचेस ऑर्डर निघणार, त्यावर नंबर पडणार, मग चेक. मुलं रात्री बाहेर राहणार असतील तर त्या ट्रिपला स्कूल बोर्डाची मंजुरी लागते, बोर्डाची मीटिंग महिन्यातून एकदोनदा, आणि विषय अजेंड्यावर आधी घालावा लागतो. बसचं कंत्राट वेगळं. यातलं एकही काम शनिवार-रविवारी होत नाही, ऑफिसला कुलूप. दादांनी प्रिन्सिपलना घरी फोन केला, त्या बिचाऱ्या म्हणाल्या मी सही आत्ता करते पण माझ्या सहीनं पैसे निघत नाहीत. रविवारची रात्र गेली. जागा यादीतल्या पुढच्या टीमला गेली, ती टीम एका गॅरेजमध्ये चालणारी, पालकांनी मिळून काढलेली, एका आईनं क्रेडिट कार्ड स्वाइप केलं आणि झालं कन्फर्म.

नियम कुठंही मोडला नव्हता हो. क्रम पाळला, सगळ्यांना मुदत सारखी दिली. गॅरेजवाल्यांचीही काही चूक नाही, मीही कार्ड काढलंच असतं. पण दादा फोनवर जे म्हणाले ते माझ्या डोक्यातून जात नाही. "ताई, मला आधीच सांगितलं असतं ना की आम्ही तिसरे आहोत, तर मी बोर्डाची मंजुरी आधीच काढून ठेवली असती. आणि तिसावे आहोत म्हणाले असते तर पोरांना त्याच दिवशी सांगून मोकळा झालो असतो. यांनी मला धड काहीच करू दिलं नाही."

इथं कुणीतरी म्हणेलच की आकडा सांगून जागा थोड्याच वाढतात. वाढत नाहीत. पण आकडा न सांगितल्यानं यादी फुगते, आणि हे मला बाहेरून कधीच कळलं नसतं, आतून यादी चालवली तेव्हा दिसलं. त्याच्याकडं येते, आधी कोट्याचं बोलू.

आयोजक काही जागा राखून ठेवतात. नव्या टीम्ससाठी, गावातल्या शाळांसाठी, कधी लांबून येणाऱ्यांसाठी. ग्रुपवर यावर फार आरडाओरडा होतो, मला मात्र हे पटतं. नवी टीम बहुतेक वेळा शाळा उघडल्यावर जमते, तोपर्यंत जुन्या टीम्सची नावं घालून झालेली असतात, मग पहिल्याच वर्षी ती पोरं खेळणार कुठं? राखीव जागा ठेवाव्यातच. फक्त किती ठेवल्या, कुणासाठी, आणि नाही भरल्या तर कुठल्या तारखेला सगळ्यांसाठी खुल्या करणार, एवढं आधी लिहून टाका. हे लिहिलेलं नसतं म्हणून नंतर तीच जागा नव्या टीमला दिली तरी वशिला वाटते, आणि खरोखर वशिल्यानं दिली तरी "कमिटीचा निर्णय" म्हणून खपून जाते. दोन्हीत फरक करायला बाहेरच्या माणसाकडं काही साधनच नाही.

आपण रेल्वेला कितीही शिव्या घातल्या तरी या बाबतीत रेल्वेचं मला कौतुक आहे. लहानपणी कराडहून मुंबईला जायचं म्हणजे महालक्ष्मी नाहीतर कोयना, आणि तिकीट वेटिंग असलं की घरात वातावरण तंग. पण वेटिंग किती हे तिकिटावर छापलेलं असायचं. आता तर पीएनआर टाकला की कळतं, बुक करताना ४२ होतं, आज १७ आहे. माझे भावोजी रोज सकाळी चहाबरोबर पीएनआर बघतात आणि बहिणीला ओरडून सांगतात, पाचनं खाली आलं गं. सतरावरून कन्फर्म होईल की नाही याचा आमच्याकडं प्रत्येक घरात एक तज्ज्ञ असतो. कुठल्या गाडीला कुठल्या दिवशी किती गळती होते हे लोकांना पाठ, कारण आकडे उघडे आहेत आणि वर्षानुवर्षं बघितलेत. वेटिंगचे प्रकारसुद्धा वेगवेगळे छापून येतात, जनरल, पूल्ड कोटा, रिमोट लोकेशन, तत्काळ, कुठलं आधी हलतं आणि कुठलं हलत नाही हे तिकीट काढणाऱ्याला माहीत असतं. चार्ट कधी लागणार तेही माहीत असतं, पूर्वी गाडीच्या चार तास आधी, २०२५ पासून त्याहून बराच आधी लावायला लागले. तिथं इमर्जन्सी कोटा आहे, खासदारांच्या पत्रावर बर्थ मिळतात, सगळ्यांना ठाऊक आहे, रेल्वे काही संत नाही. पण माझं तिकीट आज कुठं आहे हे विचारायला मला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. आणि सतरावरच अडकलंय असं दिसलं की माणूस मुकाट्यानं एसटीचं नाहीतर ट्रॅव्हल्सचं बुकिंग करतो.

रोबोटिक्समध्ये असं आकड्याचं बोललं की एक उत्तर ठरलेलं येतं. फर्स्टमध्ये ग्रेशस प्रोफेशनॅलिझम नावाची गोष्ट फार मानतात. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी ती रुजवली, २०१९ मध्ये ते गेले. जिद्दीनं खेळा पण समोरच्याला मान द्या, मदत करा, असं काहीसं. मला ती मनापासून आवडते, आमच्या पोरांनी मॅचच्या आधी प्रतिस्पर्धी टीमला स्वतःची मोटर काढून दिलेली मी बघितलीय. पण प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायला तीच वापरतात तेव्हा डोकं फिरतं. आयोजक स्वयंसेवक आहेत, त्यांच्यावर संशय घेणं ग्रेशस नाही. अरे बाबा, संशय कुठं घेतोय, नंबर विचारतोय!

तर सोडतीचा एक मार्ग असतो. फर्स्टनंच तो वापरलाय, वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या वेटलिस्टसाठी. ह्यूस्टनला एप्रिलमध्ये होते ती, सहाशेच्या आसपास एफआरसी टीम्स. तिथं पात्र ठरून जाणारे बहुतेक, पण उरलेल्या जागांसाठी सोडत काढायचे, आणि त्यात एक बारीक गंमत होती, तुमची टीम जितकी वर्षं चॅम्पियनशिपला गेलेली नाही तितक्या तुमच्या चिठ्ठ्या जास्त. म्हणजे दहा वर्षं घरी बसलेल्या गावाकडच्या टीमला गेल्याच वर्षी जाऊन आलेल्या टीमपेक्षा कितीतरी जास्त संधी. नशीब आहेच, पण नशिबाचे नियम आधी सांगितलेले. मला हा प्रकार फार आवडायचा. आपल्याकडं महाराष्ट्रात आरटीईच्या २५ टक्के जागांची ऑनलाइन सोडत निघते, निवड यादीच्या मागून प्रतीक्षा यादीही पोर्टलवर लागते. माझ्या आईकडं कामाला येतात त्या मावशींच्या नातीचा पहिल्या यादीत नंबर लागला नव्हता, पण प्रतीक्षा यादीतलं तिचं नाव मावशींनी मोबाइलवर आईला दाखवलं होतं. इंग्रजी शाळेचा चेहरा न बघितलेल्या त्या बाईला आपण यादीत कुठं आहोत ते माहीत होतं, आणि इथं सिलिकॉन व्हॅलीत पीएचडी झालेले लोक फॉरवर्डेड मेसेज वाचून अंदाज बांधत बसतात.

दुसरा मार्ग म्हणजे वेटलिस्टची गरजच कमी करायची. मिशिगननं २००९ मध्ये डिस्ट्रिक्ट पद्धत सुरू केली. मोठ्या, महागड्या रिजनलऐवजी जवळपासच्या शाळांमध्ये छोटे इव्हेंट्स, फीमध्येच प्रत्येक टीमला दोन इव्हेंट्स नक्की, आणि पुढं जायचं ते पॉइंट्सवर. कुणी नको म्हटलं तर पॉइंट्समध्ये खालची टीम वर. हे तर मुलंसुद्धा स्वतः मोजू शकतात, आणि मोजतात, रात्री दोनला डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर बसून. आमच्या कॅलिफोर्नियातही २०२६ पासून डिस्ट्रिक्ट आलं, त्यामुळे रिजनलच्या वेटलिस्टची जुनी रडगाणी आता बरीच संपतील. पॉइंट्समध्ये एक गोष्ट मात्र हरवते. दहा वर्षं घरी बसलेली ती गावाकडची टीम पॉइंट्सवर कधीच वर येणार नाही, सोडतीत ती एखाद्या वर्षी आली असती. सगळं गुणवत्तेवर म्हणजे सगळं न्याय्य, असं मला वाटत नाही, निदान पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या स्पर्धेत तरी नाही.

पण ऑफ-सीझन इव्हेंट्स राहतातच. हे फर्स्टचे अधिकृत नसतात, उन्हाळ्यानंतर टीम्सच आपापल्या शाळेच्या जिममध्ये भरवतात, जुन्याच रोबोटवर, नव्या मुलांना ड्रायव्हिंगचा सराव म्हणून. इथं ना पॉइंट्स, ना वरून कुणी नियम घालून देणारं. एक गुगल फॉर्म आणि एका मेंटरचा इनबॉक्स, एवढीच यंत्रणा. आमची टीमही असा एक भरवते आणि कागदपत्रंवाली म्हणून यादी माझ्या गळ्यात पडली. जागा ३६. हा आकडा सोयीचा, सहानं भाग जातो त्यामुळे मॅचेस नीट बसतात, कुणाला उगाच एक गुणांत न धरली जाणारी जादा मॅच खेळावी लागत नाही.

मी म्हटलं, यादी उघडी ठेवू. साधी शीट, सगळ्यांना बघता येईल, बदल फक्त आम्हाला करता येतील. टीम नंबर, फॉर्म भरल्याची वेळ, आत की वेटिंग, वेटिंग असेल तर कितवं, आणि शेवटच्या कॉलममध्ये काय हललं आणि का. मुलांची नावं नाहीत, टीम नंबर तसेही जगजाहीर असतात. आमचे हेड मेंटर, निवृत्त इंजिनियर, सत्तरीचे गृहस्थ, त्यांना हे अजिबात पटेना. त्यांचं म्हणणं, आकडा दिसला की लोक भांडायला येतील. आणि ते खोटं नव्हतं. शीट लावल्यावर एका बाबांचा मेल आला की आमचा फॉर्म नऊ वाजून दोन मिनिटांनी गेलाय आणि तुम्ही चार मिनिटं दाखवताय, सोबत स्क्रीनशॉट. फॉर्म त्यांनी उघडला दोनला आणि सबमिट केला चारला, असं निघालं. पण "आमचं काय झालं" असं विचारणारे मेल जवळपास बंद झाले, आणि ते आधी ढिगानं यायचे.

खरी गंमत पुढं झाली. शीट लागून चारदोन दिवस गेले नाहीत तोच वेटिंगमधल्या तळाच्या टीम्स आपणहून नावं काढायला लागल्या. एकोणिसाव्या नंबरवरच्या टीमनं बघितलं की काही आपला नंबर लागत नाही, त्यांनी त्याच शनिवारी होणारा दुसरा इव्हेंट पकडला. त्यांच्या मागची एक टीम तर आमच्याकडं आणि आणखी दोन ठिकाणी वेटिंगवर होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुठंच आकडा सांगत नाहीत म्हणून प्रत्येक टीम तीन-तीन ठिकाणी नाव घालून ठेवते, असू दे म्हणून. त्यामुळे तिन्ही याद्या फुगतात, त्या फुगलेल्या बघून लोक आणखी घाबरून चौथीकडं नाव घालतात. शेवटी जागा होते तेव्हा आयोजक वरून फोन करत खाली येतो, पहिली टीम म्हणते आम्ही दुसरीकडं भरलं, दुसरी म्हणते आमचा रोबोट चालवणाऱ्या मुलाची एसएटी परीक्षा आहे, तिसरी उचलतच नाही, आणि इव्हेंट येतो चार दिवसांवर. मग मॅचला एका बाजूला तीन रोबोट आणि दुसऱ्या बाजूला दोनच, आणि तिकडं एखादी टीम घरी रोबोट तयार ठेवून बसलेली. आमची यादी उघडी झाली आणि अर्ध्यावर आली. जागा तेवढ्याच होत्या, वेटिंगवर राहिले ते खरोखर यायचं असलेले.

मुदतीचंही आम्ही बदललं. पहिल्या पाच वेटिंगवाल्यांना आधीच कळवायचं की तुम्ही जवळ आहात, मंजुरीची कागदपत्रं हलवायला लागा, आणि जागा झाल्यावर होकार मेलवर चालेल, सरकारी शाळेचा चेक नंतर आला तरी चालेल. ही दादांच्या फोनची कृपा.

मोठं भांडण झालं ते दुसऱ्या रोबोटवरून. ऑफ-सीझनला मोठ्या टीम्स दोन रोबोट आणतात, एक खरा, एक सरावाचा, त्याला बी-बॉट म्हणतात. आयोजक टीमचाही असतो. म्हणजे काय, वेटलिस्टवर पंधरा टीम्स ताटकळतायत आणि आत एकाच शाळेचे दोन रोबोट. बाहेरून कुणाला दिसत नाही, कारण पूर्वी यादीच दिसत नव्हती. उघड्या शीटमध्ये ते असं डोळ्यात खुपायला लागलं की आमच्याच मुलांनी विषय काढला. अकरावीतली एक मुलगी, आमच्या बी-बॉटची ड्रायव्हर, मीटिंगमध्ये म्हणाली की मावशी, आपण आपल्यालाच दोन जागा दिल्यात हे आता सगळ्यांना दिसतंय. (ती तमिळ आहे, पण टीममधली सगळी पोरं मला मावशी म्हणतात, माझ्या मुलाच्या मित्रांनी पाडलेलं नाव.) हेड मेंटर म्हणाले, जिम आपली, मैदान आपण लावतो, राबतो आपण, मुलांना सराव नको? त्यातही तथ्य आहे. महिनाभर शनिवार-रविवार घालवणाऱ्या मुलांना काहीतरी मिळायला हवंच. बराच वेळ वादावादी झाली, पिझ्झा थंड झाला. शेवटी ठरलं की बी-बॉट सगळे वेटलिस्टच्या तळाशी, आमचाही. सगळ्या टीम्सचे पहिले रोबोट बसले आणि संख्या सहाच्या पटीत यायला रोबोट कमी पडला तरच बी-बॉट आत. आणि हे फॉर्मच्या वरच लिहायचं, फॉर्म भरायच्या आधी वाचता येईल असं.

एक नावाजलेली टीम यावरून रुसली. आम्ही इतकी वर्षं येतो, आमच्यामुळे तुमच्या इव्हेंटला लोक येतात, वगैरे. तेही खोटं नाही, त्यांचा रोबोट बघायला खरंच गर्दी होते. मी त्यांना एवढंच लिहिलं की तुमचा पहिला रोबोट आत आहे, दुसरा वेटिंग ८ आहे, शीट बघत राहा. आले ते.

यंदा नवा वाद चालू आहे, डिपॉझिटचा. कन्फर्म करून ऐन वेळी न येणाऱ्यांकडून शंभर डॉलर आधी घ्यायचे आणि आल्यावर परत द्यायचे असं कमिटीतल्या बहुतेकांचं मत. हेड मेंटर म्हणतात, शीट उघडी ठेवून तुझं ऐकलं, आता माझं ऐक. मी विरोधात आहे, कारण शंभर डॉलरची परचेस ऑर्डर काढायलाही सरकारी शाळेला तेवढेच कागद लागतात जेवढे हजार डॉलरला लागतात. माझं म्हणणं, न येणाऱ्या टीमला पुढच्या वर्षी वेटिंगच्या तळाशी टाका, शीटमध्ये कारण लिहून. त्यावर एक बाबा म्हणाले, म्हणजे बस बंद पडली म्हणून न आलेल्यांनाही शिक्षा? ते मला अजून सुटलेलं नाही. पुढच्या गुरुवारी परत मीटिंग आहे, आणि मीटिंगचे मुद्दे शीटच्या दुसऱ्या टॅबमध्ये टाकायचे असं मात्र आता कुणी न सांगता आपोआप व्हायला लागलंय.